बिनकाजाचा कोट

न्यायव्यवस्था संविधानावर उभी आहे, असं लोक म्हणतात. ती खांद्याच्या पॅडवर उभी आहे, असं फक्रुद्दीन पटवेगारचं मत होतं आणि ते त्याने सबनीस वकिलांच्या काखेत टाचण्या लावता लावता मांडलं.

"खांदा पडलेला वकील बघितला की साक्षीदार शेर हुतोय, साहेब. त्याला लगेच कळतंय, ह्यो गडी घरातनं भांडून आलाय."

"टोचली," सबनीस म्हणाले.

"हलू नगासा म्हणून सांगितलं हुतं की."

यज्ञेश्वर सबनीस हे फक्रुद्दीनचे जुने गिऱ्हाईक. ते दिवाणी दावे चालवत आणि दावे जसे लांबत तसा त्यांचा घेर वाढे. दर दोन वर्षांनी फक्रुद्दीन त्यांच्या कोटाची शिवण उसवून त्यांना थोडी मुदतवाढ देई.

कसबा बावड्यात, कोर्टाच्या समोरच्या रांगेत, झेरॉक्स आणि चहाच्या मधोमध 'पटवेगार टेलर्स' हे दुकान होतं. तिथे फक्त वकिलांचे कोट आणि गाऊन शिवले जात, तेही पुरुष वकिलांचेच. वकीलबाई पलीकडच्या लेडीज टेलरकडे जात. बाईमाणसाच्या अंगाला टेप लावायची म्हटली की फक्रुद्दीनला घाम फुटायचा. कटिंग आणि शिलाई त्याची, काजं त्याच्या बायकोची. खतिजा मागच्या बाकड्यावर बसून हाताने काजं करायची. कोट पुढ्यात आला की तिचा हात आपोआप डाव्या बाजूवर जायचा, खडूची रेघ, कात्री, मग काळा दोरा. पण गिऱ्हाईक ट्रायल देऊन "बराबर हाय" म्हणाल्याशिवाय ती कात्री उचलत नसे. शिवण उसवता येते, बाही बदलता येते. काज एकदा कापलं की कापलं.

आणि आज, सबनिसांचा कोट टाचण्यांनी भरलेला असताना, या घरातली पोरगी वकिलीच्या कॉलेजचा अर्ज भरत होती.

हुस्नाने वकील व्हायचं ठरवलं ते याच दुकानात. लहानपणी ती इथे कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची आणि कोट इस्त्रीखाली असताना वकील बनियनवर बसून गप्पा मारायचे. बनियनवरचा वकील खरं बोलतो. कुठला दावा का हरला, कुठला साक्षीदार का फुटला, हे कॉलेजात जाण्याआधीच तिला ठाऊक झालं होतं. पुढे तिने बी. कॉम. केलं, एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेब लिहिले आणि एक दिवस घरात कुणालाच न सांगता सीईटीचा फॉर्म भरला. परीक्षेत बरे मार्क पडले. फार नाहीत. कोल्हापुरातल्या कॉलेजात जागा मिळेलही, न मिळेलही, असे.

"मिळाली न्हाय तर?" खतिजाने विचारलं होतं.

"मग शोरूमवाला सीनियर करणार हाय मला," हुस्ना म्हणाली. "मग मी जल्मभर ट्रॅक्टरचे हप्ते लिहीन."

ती हे हसत म्हणाली, पण त्या रात्री जेवली नाही. तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की हे प्रकरण कोटाच्या अस्तरासारखं आहे, बाहेरून दिसत नाही, आतून सगळं धरून असतं.

फक्रुद्दीनने मात्र निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कापड काढलं. चांगलं, मिलचं, काळं. पोरीचं माप घ्यायची गरज नव्हती, डोळ्याला पाठ होतं. पहाटे उठून त्याने कोट शिवला आणि खतिजाच्या पुढ्यात ठेवला.

"काज घे."

"गिऱ्हाईक कोण?"

"हुस्ना."

"ती वकील हाय?"

"हुईल की."

"मग झाल्यावर घेतो. ज्याचा कोट त्याचा झाल्याबिगर मी कात्री लावलीया का कदी?"

यावर अपील नव्हतं. कोट बिनकाजाचाच राहिला.

आता अर्जाला फोटो लागत होता. इतर घरांत अशा वेळी पोरगी बरा ड्रेस घालते. फक्रुद्दीन पोरीला जोतीरामच्या स्टुडिओत घेऊन गेला, तिला कोट चढवला, पुढून टाचणीने बंद केला आणि गळ्यात वकिलांचा पांढरा बँड बांधला. दुकानात बँडचा ढीगच होता.

"अब्बा, ह्ये चालतंय का?"

"वकिलीच्या कॉलेजला न्हाय चालणार तर कुठं चालणार? पोलीस भरतीला?"

"व्हकीलबाई, हनुवटी वर," जोतीराम म्हणाला आणि फक्रुद्दीनने त्याला त्या एका शब्दासाठी चहा पाजला. एक मोठी प्रत काढून दुकानात आरशाच्या वर लावली. पुढचे दिवस प्रत्येक वकिलाला ट्रायल देताना मान वर करावी लागे. "जरा वर बघा, कॉलर बघू द्या," असं फक्रुद्दीन म्हणायचा. कॉलर बघायला मान वर लागत नाही, हे वकिलांना माहीत होतं, पण कोट त्याच्या ताब्यात असायचा.

अर्ज परत आला.

पोर्टलवर लाल अक्षरांत शेरा होता: 'छायाचित्र नियमानुसार नाही.' दुरुस्तीला उद्या संध्याकाळपर्यंत मुदत. रहिवासाचा दाखला पास झाला होता. पटवेगार मंडळी कोल्हापुरात किती पिढ्या राहतात ते कुणालाच आठवत नसल्यामुळे त्याला कागद लागला होता, आणि तो कागद मिळवायला हुस्नाने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. अडलं ते फोटोवर.

"कापडात खोट काडली का?" फक्रुद्दीनचा आवाज चढला. "मिलचं कापड हाय. बोलवा त्यास्नी हितं."

सबनीस नेमके ट्रायलला आले होते. त्यांनी शेरा वाचला, मग आरशावरचा फोटो पाहिला.

"फक्रूभाई, हा बँड सनद मिळाल्यावर घालायचा असतो."

"मग?"

"मग आधीच वकील असलेल्या बाईला वकिलीच्या कॉलेजात कशाला घेतील?"

 फक्रुद्दीनने आयुष्यभर वकिलांना कोट घातले होते. वकील कोटाआधीच वकील झालेला असतो, हे त्याने बनियनवरच्या गिऱ्हाइकांत पाहिलं होतं, पण ते त्याने कधी खरं मानलं नव्हतं.

"तुमास्नी आदीच सांगितलंतं," मागून खतिजा म्हणाली.

"तू काजाचं सांगितलंतंस. बँडचं न्हाय."

"ज्याला कळतंय त्याला काजातच कळतंय."

दुपारी हुस्ना पिवळा कुडता घालून एकटीच जोतीरामकडे जाऊन आली. यावेळी जोतीराम तिला नुसतं "ताई" म्हणाला. अर्ज पुन्हा गेला आणि पास झाला. आरशावरचा फोटो मात्र फक्रुद्दीनने काढला नाही. तो म्हणाला, त्या फोटोला पोर्टलची मंजुरी लागत नाही.

मग आला पसंतीक्रम. कुठलं कॉलेज आधी लिहायचं, कुठलं नंतर. या प्रश्नावर फक्रुद्दीनचा अभ्यास होता.

"शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज पहिलं घाल," तो म्हणाला. सबनीस पुन्हा ट्रायलला उभे होते, पोट आत घेऊन.

"का?"

"तिथनं शिकल्याल्या वकिलांचे कोट माझ्याकडं कोपराला फाटून येत्यात. म्हंजे टेबलावर बसून वाचत्यात. आपल्या हितल्या कॉलेजचे खिशाला फाटून येत्यात. सारखा हात खिशात. म्हंजे नुसतं फिरत्यात."

फक्रुद्दीन हे इतक्या वर्षांत कुणालाच बोलला नव्हता. मुलीसाठी त्याने ते जपून ठेवलं होतं. हुस्नाने लॅपटॉप बाजूला ठेवला, उठली आणि वकिलासारखी नीट उभी राहिली.

"कोपर फाटल्याले किती कोट आलेत, अब्बा?"

"लई."

"नावं?"

"ह्ये सबनीससाहेब. आणि... सबनीससाहेबच लई येळा येत्यात."

"काका, तुमी तिथलेच न्हवं? कोपर कशानं झिजलं?"

सबनिसांना उलटतपासणी घ्यायची सवय होती, द्यायची नव्हती. त्यांनी फक्रुद्दीनकडे पाहिलं, आरशात पाहिलं, पोट सोडलं.

"कॅरम," ते म्हणाले. "बाररूममध्ये. केस पुकारेपर्यंत दुसरं काय करणार?"

"आणि खिसा फाटतोय म्हंजे खिशात कायतरी पडतंय, अब्बा," हुस्ना म्हणाली. "फुकट फिरणाऱ्याचा खिसा कशाला फाटंल?"

 शेजारच्या झेरॉक्सचं मशीन नेमकं थांबलं. मग फक्रुद्दीन हसायला लागला. टेप गळ्यात तशीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कोल्हापूर पहिलं घाल," तो म्हणाला. "हरलो मी."

त्या दिवशी तो चहाच्या गाड्यावर, झेरॉक्सवाल्याकडे, कोर्टाच्या फाटकावरच्या शिपायाला सगळ्यांना सांगून आला की पोरीने सबनीस वकिलांना उभ्याउभ्या पाडलं. पाडलं त्याला होतं. पण तो तपशील त्याने अपिलात सोडून दिला.

पहिल्या यादीत हुस्नाचं नाव नव्हतं.

ती शोरूमला गेली, आली, भांडी घासली. फक्रुद्दीनने कोटावर जुनं वर्तमानपत्र गुंडाळून तो दांडीच्या टोकाला, गाऊनच्या मागे टांगला. कुणी मापाचा तयार कोट मागितला तर "तयार न्हाय" म्हणायचा. एका नवख्या वकिलाने वर्तमानपत्राच्या फटीतून तो पाहिला आणि म्हणाला, "ह्यो की काका, तयार हाय!"

"त्याला काज न्हाय," फक्रुद्दीन म्हणाला.

"मग घ्या की. थांबतो मी."

"थांबून हुण्यातलं न्हाय ते, पावणं," मागून खतिजा म्हणाली. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या यादीचा मेसेज फक्रुद्दीनच्या फोनवर आला, कारण अर्जात त्याचाच नंबर होता. फोन कातरणांच्या ढिगाखाली होता. फक्रुद्दीनने फोन शोधला तेव्हा हुस्ना दुकानाच्या दारात उभी होती, शोरूममध्येच यादी बघून तिथून चालत आलेली, धाप लागलेली.

"मेसेज बघितलासा?"

"कसला?"

"कोल्हापूर, अब्बा. कोल्हापूरच लागलं."

फक्रुद्दीनने फोन डोळ्यांजवळ धरला आणि मेसेज वाचल्यासारखं केलं. अक्षरं हलत होती. मग तो ढीग उकरून चष्मा शोधू लागला. चष्मा त्याच्या कपाळावर होता. खतिजा मागून म्हणाली, "बस जरा. पानी पी आदी," पण हे ती नक्की कुणाला म्हणाली ते कळलं नाही. ती स्वतःच तांब्या उचलून पाणी प्यायली.

प्रवेशाच्या दिवशी फक्रुद्दीन हुस्नाबरोबर कॉलेजात गेला. तिच्या हातात मूळ कागदपत्रांची फाईल, त्याच्या हातावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोट. खिडकीतल्या बाबूने एकेक कागद तपासला आणि शेवटी कोटाकडे बघितलं.

"हे काय?"

"कोट. हिचा."

"पहिल्या वर्षाला पांढरा शर्ट, काळी पँट. कोट शेवटच्या वर्षाला. तेव्हा अभिरूप न्यायालय असतं."

"म्हंजे खोटं कोर्ट?"

"सरावाचं."

"मग खरा कोट कशाला घालायचा त्यात," फक्रुद्दीन म्हणाला. पण रागाने नाही. त्याने बाबूच्या शर्टाच्या कॉलरकडे बघितलं. "ही कॉलर कुणी शिवली? एका बाजूला चढलीया. कोर्टासमोर या कदी तरी, सारखी करून देतो. पैसं नगं."

पावती घेऊन हुस्ना बाहेर आली तेव्हा तो पायरीवर कोट मांडीवर घेऊन बसला होता. समोरून पांढऱ्या शर्टातली पोरं-पोरी जात होती आणि तो त्यांचे खांदे बघत होता. "बरं हायत," तो म्हणाला. "पण तुझ्यासारखं न्हाय."

दुकानात परत आल्यावर खतिजाने हात पुढे केला. कोट मागितला. हुस्ना आणि फक्रुद्दीन बघत राहिले. तिने ट्रायल मागितली नाही, "बराबर हाय का" विचारलं नाही. खडूने रेघ मारली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गिऱ्हाइकाने होकार द्यायच्या आत, कात्री चालवली. मग सुई घेतली. मधेच एकदा तिने पदराने डोळे पुसले आणि दोरा पुन्हा ओवला. कोट तीन बटणांचा होता.

"एक घेतलंय," दात लावून दोरा तोडत ती म्हणाली. "ॲडमिशनचं. बाकीची दोन जसं जसं पास हुईल तसं."

फक्रुद्दीनने काजावरून अंगठा फिरवला. असं बारीक काज तिने सबनिसांनाच काय, जज्जांच्या कोटालाही घेतलेलं नव्हतं. हुस्नाने कोट घातला आणि आरशासमोर उभी राहिली, बरोबर स्वतःच्याच फोटोखाली. खांदे एकदम सरळ. कुठलाही साक्षीदार शेर झाला नसता.

फक्रुद्दीनची नजर आरशातल्या काजावर थांबली. त्याने खतिजाकडे बघितलं. खतिजाने आरशात बघितलं आणि सुई हळूच पदराला टोचून ठेवली. 

बायकांच्या कोटाला काज उजव्या बाजूला असतं. हे डाव्या बाजूला होतं.