डाव्या गार्डची जागा

आमच्या टेक्सासातल्या फुटबॉलच्या मोसमात, पहिल्या सामन्याच्या पहिल्या चालीला माझा नवरा व्हर्न, शाळेच्या संघाचा कोच, अकराऐवजी दहाच पोरं मैदानात उतरवायचा. पुढच्या वाकलेल्या रांगेतली डाव्या गार्डची जागा रिकामी ठेवायचा. ती डुई सॉरेलची जागा. डुई ऑगस्टच्या सरावात मैदानावर कोसळला आणि गेला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. चाल संपली की अकरावा मुलगा धावत आत जायचा आणि खेळ नेहमीसारखा सुरू व्हायचा. गावाला हे फार आवडायचं. बायका डोळे पुसायच्या, पुरुष टोप्या काढायचे, आणि रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवा व्हर्नचं कौतुक करायचे.

मला मात्र त्या चालीला धडकी भरायची. निवेदकाच्या खोलीत दुर्बीण घेऊन बसणं आणि कोणी कोणाला पाडलं ते त्याला सांगणं हे माझं काम. चाल सुरू होण्याआधी पंच खेळाडू मोजतात आणि अकरा भरले की मूठ पुढे करतात. मला खाली दहा पोरं दिसायची, आणि पंच मूठ पुढे करायचा. पहिल्या वर्षी म्हटलं, याला चष्मा लागलाय. मग पंच बदलले, दुसऱ्या गावचे आले, तरी मूठ यायचीच. आम्ही बाप्टिस्ट माणसं, भुताखेतांच्या गोष्टी करत नाही. मी घरी काही बोलले नाही, आणि वरून काय दिसतं हे व्हर्ननंही कधी विचारलं नाही.

शाळेत व्हर्न इतिहास शिकवायचा, म्हणजे यादवी युद्धाची प्रत्येक लढाई फळ्यावर फुल्या आणि गोळे काढून लढायचा. पोरांना गाडी चालवायला शिकवायचा, संघाची बस हाकायचा, आणि चिखलानं माखलेले कपडे घरी धुवायचा, म्हणजे मी धुवायची. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं आता तेलाच्या विहिरींवर आहेत, बँकेत आहेत, एक तर न्यायाधीश झालाय. रस्त्यात व्हर्न दिसला की अजून सगळे पोट आत घेऊन उभे राहतात. त्याची एकच गोष्ट मला कळत नसे. डुई गेल्यापासून मैदानावर त्यानं पाण्याचा थेंब तोंडाला लावला नव्हता. विचारलं की म्हणायचा, "सवय नाही, लोरीन."

त्या काळी पाणी पिणारी पोरं लेचीपेची होतात असं टेक्सासातले सगळेच कोच म्हणायचे. सराव संपेपर्यंत पाणी नाही, फार तर मिठाची गोळी चघळा. डॉक्टर म्हणाले, डुईचं हृदय जन्मापासून कमजोर होतं. त्याची आई नडीन ते ऐकून घरी गेली, आणि आम्हीही तेच धरून चाललो. नडीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. दर मोसमाला पहिल्या सामन्याला कुंपणालगतच्या बाकावर येऊन बसायची आणि पहिली चाल झाली की उठून जायची. व्हर्नशी ती कधी भांडली नाही आणि कधी बोललीही नाही.

हे व्हर्नचं शेवटचं वर्ष. डावा गार्ड आमचाच नातू, ट्रॅव्हिस. जेवताना तो म्हणाला, "आजोबा, यंदा पहिली चाल मला खेळू द्या ना."

व्हर्ननं सुरी ताटाच्या कडेला ठेवली. "मागितलंय तर देऊ," म्हणाला.

मला वाटलं, सुटलो एकदाचे.

सामन्याच्या संध्याकाळी अकरा पोरं रांगेत उभी राहिली. मी मोजली. पंचानं मोजली, पुन्हा मोजली, आणि पिवळा रुमाल फेकला. मैदानात बारा खेळाडू, म्हणून दंड, संघ पाच यार्ड मागे.

"बोटं कमी पडली का रे? बूट काढून मोज!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

पोरं पुन्हा उभी राहिली. पुन्हा रुमाल पडला. आता कोणी हसलं नाही. दुर्बीण टाकून मी जिना उतरले.

व्हर्न पंचाला म्हणत होता, "माझ्यासमोर मोज बाबा."

"मोजलं, कोच. पोरं मोकळी उभी असली की अकरा, रांगेत वाकली की बारा. मला शिव्या देऊ नका, मी प्यायलेलो नाही."

तेवढ्यात ट्रॅव्हिस शिरस्त्राण काढत बाहेर आला. "आजोबा, माझ्या जागेवर कोणीतरी आहे. खांद्याला खांदा लावून वाकलाय. पाणी मागतोय."

"कोण?" मी विचारलं. व्हर्ननं विचारलं नाही.

"माहीत नाही. हळूच म्हणतोय, कोच, पाणी."

मी त्याच्या डाव्या खांद्याला हात लावला. उन्हात राहिलेल्या पत्र्यासारखा तो तापला होता, आणि दुसरा खांदा गार होता. "व्हर्न, पोराला आत पाठवू नकोस. दहाच उतरव, दरवर्षीसारखे."

"दरवर्षी जागाच दिली, लोरीन," तो म्हणाला. "त्यानं जागा मागितली नव्हती."

पाण्याचं नारिंगी पिंप संघाच्या बाकाच्या टोकाला होतं. व्हर्ननं कागदी पेला काठोकाठ भरला आणि मैदानात गेला. पोरं बाजूला झाली, पंचही. डाव्या गार्डच्या जागी तो गुडघ्यावर बसला, एवढं वाकायला त्याला आताशा त्रास होतो, आणि पेला पुढे धरला.

"घे, डुई. तू मागितलंस आणि मी दिलं नाही. तुझ्या हृदयाला काही झालं नव्हतं."

सगळं मैदान इतकं गप्प होतं की पुढच्या बाकांवर शब्द न् शब्द पोचला. पेला सरळ होता आणि व्हर्नचा हात हलत नव्हता. तरी कागदातून दिसणारा पाण्याचा काठ खाली खाली जाताना मी बघितला. मधे एकदा थांबला, श्वास घ्यायला थांबावं तसा, आणि पुन्हा उतरला. पेला रिकामा झाला. खालचं गवत कोरडं होतं.

व्हर्न रिकामा पेला घेऊन बाहेर आला, ट्रॅव्हिस आत गेला. पोरं वाकली. पंचानं दोनदा मोजलं आणि मूठ पुढे केली. चाल झाली, त्यात काय झालं ते मला आठवत नाही.

नडीन उठून फाटकाकडे गेली नाही. ती कुंपणाशी आली. "कोच," तिनं हाक मारली. "किती वेळा मागितलं त्यानं?"

एकदा म्हण, माझ्या मनात आलं. एकदाच म्हण.

"तीनदा," व्हर्न म्हणाला.

"तिसऱ्यांदा तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, पोरीसारखा रडू नकोस. ऊठ."

नडीननं कुंपणावरून हात घालून त्याच्या हातातला पेला काढून घेतला. आत बघितलं. मग तो दुमडला नाही, चुरगळला नाही, तसाच दोन्ही हातांत धरून ती फाटकातून घरी गेली.

मी संघाच्या बाकाच्या टोकाला टेकले, व्हर्न माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचे ओठ फुटले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मैदानावर म्हणाला, "लोरीन, पाणी."

पिंप माझ्या हाताशी होतं. माझा हात उचलला गेला नाही. त्याला दुसऱ्यांदा मागावं लागलं.