शनिवारची झोप

फुकट ते पौष्टिक, असं लोक म्हणतात. पण वाचनालयात दर शनिवारी दुपारी जुने सिनेमे फुकट दाखवतात, तिथे मी पहिल्यांदा गेले ती कामासाठी. माझं काम कपडे दुरुस्तीचं. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, अंगाला घट्ट झालेले कपडे उसवून ऐसपैस करायचे, आणि गिऱ्हाईक ‘कापडच आटलंय हो’ म्हणालं की गंभीरपणे मान डोलवायची. वाचनालयाच्या खिडक्यांचे काळे पडदे माझ्याकडे शिवायला आले होते. ते पोचवायला गेले तर ग्रंथपाल पोरगी म्हणाली, काकू, आलाच आहात तर बसा की. घरी कोण वाट बघत बसलं होतं? बसले.

भाऊ-भावजय नव्या घरात राहायला गेले तेव्हापासून घरात मी आणि माझं मशीन. ती दोघं वाईट नाहीत, बोलावतात अधूनमधून. जाते, जेवते, परत येते. दिवसभर मशीनची खडखड असते, काही वाटत नाही. मशीन थांबलं की घर खायला उठतं. म्हणून मग शनिवार धरला.

माझा गुडघा मेला फार वेळ वाकत नाही, त्यामुळे मला पाय लांब करायला जागा लागते. तशी जागा शेवटच्या रांगेत, खांबामागे. तिथे दोनच खुर्च्या. तिथून अर्धा पडदा खांब खातो. नायिका रडतेय ती कुणाच्या नावाने, हे शेवटपर्यंत कळत नाही. साहजिकच तिथे कुणी बसत नसे, एक घड्याळवाले सोडून. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस सडसडीत, नीटनेटका, शर्टाची कॉलर मात्र घासून विरलेली. बायको गेल्याचं मला त्या कॉलरवरूनच कळलं. ते भिंतीकडच्या खुर्चीवर बसायचे, हाताची घडी घालायचे आणि दिवे मालवायच्या आधीच झोपायचे.

दिवे मालवायला उशीर व्हायचा तो मास्तरांमुळे. निवृत्त मास्तर दर शनिवारी पुढे उभे राहून सिनेमाची ओळख करून द्यायचे. नाकापेक्षा मोती जड. त्यांच्या भाषणात कुणीही झोपलं असतं, पण घड्याळवाले घोरायचे. तेही असंतसं नाही, लाकडाच्या वखारीत गेल्यासारखं वाटायचं. पडद्यावर मरणाचा प्रसंग चाललाय आणि मागून ही करवत. माणसं खुसूखुसू हसायची. मास्तर कसले हसतात, ते थेट वाचनालयाच्या समितीकडे गेले.

पुढच्या शनिवारी ग्रंथपाल पोरगी माझ्याकडे आली. बिचारीचा चेहरा एवढासा झाला होता. पुन्हा आवाज झाला तर घड्याळवाल्यांना येऊ नका म्हणावं लागेल, असं सांगून म्हणाली की काकू, तुम्ही शेजारीच बसता, जरा लक्ष ठेवाल का? मी म्हटलं, मी काय त्यांची आई आहे? घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आणि असं फणकारून मी जाऊन त्यांच्या शेजारीच बसले.

घोरणं एकदम येत नाही. आधी श्वास लांबतो, मग घशात काहीतरी अडखळतं, मग तोंड उघडतं. तोंड उघडायच्या आत कोपर लावायचं. जोरात लागलं तर माणूस दचकून जागा होतो. हळू लागलं तर ढिम्म हलत नाही. बरोबर लागलं की मान दुसरीकडे टाकतो आणि मुकाट झोपतो. मला दोन-तीन शनिवारांत जमलं. हात शिवणकामाचा, किती दाबायचं ते त्याला समजतं. मान कधी भिंतीकडे जायची, कधी माझ्या खांद्यावर यायची. खांद्यावर आली की मी गुडघा दुखला तरी हलायची नाही. सगळं वाचनालय पडद्याकडे बघत असायचं आणि माझा कान यांच्या घशाकडे. एका सिनेमाची गोष्ट सांगता येईल तर शपथ. पण खरं सांगते, मला फार बरं वाटायचं. माझ्या शेजारी माणूस निवांत झोपलाय आणि त्याची झोप मी राखतेय, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. लग्न जमलं नाही, ती गोष्ट वेगळी आणि जुनी. मी शनिवारच्या आधी केस धुवायला लागले. जळ्ळं मेलं लक्षण, या वयात.

सिनेमा सुटला की आम्ही दोघं नाक्यापर्यंत सोबत चालायचो. एकदा ते म्हणाले, “बाई, तुमचं कोपर फार समजूतदार आहे.” म्हणजे सगळं ठाऊक होतं तर. मी लाजले आणि उगाच रस्त्यावरच्या खड्ड्यांवर तोंडसुख घेतलं.

मग त्यांनी सांगितलं. बायको गेल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरात एवढी शांतता की कानात शिट्ट्या वाजतात. लहानपणी मोठी माणसं बाहेरच्या खोलीत बोलत बसायची, त्या आवाजात आपोआप झोप यायची. शनिवारी आधी मास्तर आणि मग त्या पडद्यावरची माणसं बोलायला लागली की तसंच वाटतं. आठवड्याची झोप ती तेवढीच.

आता हे दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको होतं. भाऊ नव्या घरी गेल्यापासून मी रेडिओ लावून झोपते. उपाय माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. पण झोप लागायला लागली तर हा माणूस शनिवारी येईल कशाला? जीभ चावली आणि गप्प बसले. एक शनिवार गेला, दुसरा गेला. दर वेळी ठरवायची, पुढच्या खेपेला सांगू.

मग एका शनिवारी नाक्यावर रस्ता ओलांडताना ते चालता चालताच पेंगले. बसने करकचून ब्रेक मारला. मी त्यांची बाही धरून मागे ओढलं, ती खांद्याजवळ टर्रकन उसवली. बसवाल्याने दोघांचा उद्धार केला आणि निघून गेला. घड्याळवाले फाटक्या बाहीकडे बघत फुटपाथवर उभे राहिले. म्हणाले, हल्ली दुकानातही असंच होतं, चिमट्यातून स्क्रू निसटतात, हात थरथरतात. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतोय हे मला पुरतं कळत होतं. तरी सांगितलं.

“रेडिओ लावा,” मी म्हटलं. “गाणी नकोत, नुसतं बोलणं चालू असेल ते. उशाशी ठेवायचा नाही, पलीकडच्या खोलीत ठेवायचा. आवाज इतका बारीक की शब्द कळता कामा नयेत. आणि दार किंचित उघडं.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला गुण आला.”

नंतरच्या शनिवारी मी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसले. सिनेमा सुरू झाल्यावर एक धिप्पाड गृहस्थ अंधारात चाचपडत आले आणि पिशवी उचलायला लागले. मी त्यांच्यावर अशी खेकसले की मास्तरांनी मागे वळून पाहिलं. ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

त्याच्या पुढच्या शनिवारी घड्याळवाले मला वाचनालयाच्या जिन्यातच भेटले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली होती, चेहरा भरला होता. दहा वर्षांनी लहान दिसत होते. लागली झोप, म्हणाले. पहिल्या रात्रीपासूनच, ढाराढूर. मागच्या शनिवारी तर दुपारी दुकानात एवढं काम उरकलं की वेळेचं भानच राहिलं नाही. तेवढं सांगायला मुद्दाम आले होते. मला आनंद झाला, नाही असं नाही. एखाद्याचं भलं झालेलं डोळ्यांनी बघायला मिळतं कुठे?

“आत चला, सुरू होईल आता,” मी म्हटलं.

“आता कशाला? मला कुठे सिनेमातलं काही कळतं. आणि माझ्यापायी तुमचे इतके सिनेमे बुडाले. आता तरी स्वस्थ बघा.”

“मी सिनेमा बघायला येत नव्हते.”

हे मी बोलून गेले. जीभ चावायला उशीर झाला होता. ते उतरता उतरता थांबले आणि माझ्याकडे निरखून बघायला लागले, नादुरुस्त घड्याळ उघडल्यावर बघत असतील तसं. मला वाटलं, कळलं यांना. आता काहीतरी बोलतील.

“म्हणजे तुम्हालाही घरी झोप लागत नाही?” त्यांनी अगदी कळवळून विचारलं.

मी काय सांगणार? हो म्हटलं.

“मग बाई, तुम्हीही रेडिओ लावून बघा ना,” ते म्हणाले. “पलीकडच्या खोलीत, दार किंचित उघडं ठेवून. तुमच्या ओळखीच्या त्या बाईला आला, मला आला, तसा तुम्हालाही येईल गुण. खरंच घरात माणसं असल्यासारखं वाटतं.”

“लावते,” मी म्हटलं, आणि त्यांना जाऊ दिलं.