मोरचुदाचा उजेड

कुंडलच्या मळ्यातल्या शेडची खिडकी क्रांतीने वाफ्यांवर अंथरायच्या काळ्या मल्चिंग पेपरने झाकली. न्यायवैद्यक पथकात ती नवीन होती. शेडचा मालक धनाजी बाहेर हवालदाराजवळ उभा होता. त्याची बायको सोनिया आठवडाभर बेपत्ता होती. सोनियाची आई धोंडुबाई आत कोपऱ्यात बसली होती. फौजदारांनी सांगूनही ती उठली नव्हती.

क्रांतीने फवाऱ्याची बाटली उचलली तशी ती म्हणाली, "म्याडम, काय फवारताय ते मला कळू द्या."

"मावशी, जत्रेत पोरं मनगटात चमकणारी नळी घालतात ना? वाकवली की आतली काच फुटते, दोन रसायनं मिसळतात. त्यातून सुटलेली ऊर्जा रंगाचे कण घेतात आणि उजेड म्हणून टाकून देतात. आग नाही, धग नाही. या बाटलीतलं ल्युमिनॉलही तसंच. फक्त हे पेटायला रक्तातलं लोह लागतं. एखादा दुसरा धातूही चालतो."

तिने दार लोटलं आणि फवारा मारला. सगळी फरशी निळी उजळली. भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत शिंतोडे चमकले. धोंडुबाईने तोंडात पदर कोंबला.

दाराच्या फटीतून धनाजी हसला. "आवं, द्राक्षाचं औषध हाय ते! मोरचूद आन् चुना इथंच कालवतो मी. एवढं रक्त काय हत्तीचं व्हय?"

त्याचं चुकत नव्हतं. मोरचुदातलं तांबंही तेच काम करतं.

धोंडुबाईने पदर काढला. "मग माझी सोनी जिती हाय?"

क्रांती पिंपाच्या जागेकडे वळली. औषधाचं भरलेलं पिंप पथकाने मघाशीच बाजूला सरकवलं होतं. त्या जागी न उजळलेलं काळं वर्तुळ राहिलं होतं. पिंपाखाली मोरचूद सांडलं नव्हतं, कुणी फरशी धुतली असली तरी तिथं पाणी पोचलं नव्हतं. वर्तुळाच्या कडेपासून आत मात्र एक बारीक निळी रेघ गेली होती.

तीही मोरचुदाची असू शकत होती. क्रांतीने तिच्यावरून ओला बोळा फिरवला, बॅटरी लावली आणि तपासणीच्या पट्टीवर थेंब टाकला. ही पट्टी फक्त माणसाचं रक्त ओळखते, तांब्याला फसत नाही.

"माणसाचं रक्त आहे," ती म्हणाली.

दाराच्या फटीतून धनाजी मागं सरला.

"कुणाचं?" धोंडुबाईने विचारलं.

"ते पट्टीवर कळत नाही. तुम्ही सोनियाची आई, तुमचं थोडं रक्त घेऊन याच्याशी जुळवावं लागेल."

धोंडुबाईने बोट पुढं केलं. सुई टेकायच्या आत तिने हात मागं घेतला आणि पदराखाली धरला.

"जरा दम धर, पोरी. तवर ते कुणाचं बी असू दे."