चार नंबरचा डबा

ही गोष्ट १९९९ सालची. तीनशे वाचनालयांत संगणक बसायचे होते आणि त्यांत कोणाचा पॉवर सप्लाय घालायचा, हे ठरवायचं काम एका लहानशा तपासणीच्या खोलीकडे आलं होतं. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला झेपेल इतकी करून देणारा पत्र्याचा डबा. खोलीत माणसं तीनच: सही करणारे साहेब, जोडणी करणारे काका आणि मीटरवरचे आकडे वाचून लिहिणारी, सगळे जिला मीटरबाई म्हणत ती.

चार कारखान्यांचे चार डबे आले. नावं दिसू नयेत म्हणून काकांनी त्यांवर खाकी चिकटपट्टी लावली आणि आकडे घातले. चौथा डबा हातात घेतला आणि मीटरबाई थबकली. तारांची जुडी मेणाच्या दोऱ्याने बांधलेली, दर दोन बोटांवर एक गाठ. तशी गाठ मारणारा माणूस एकच होता, तिचा सख्खा थोरला भाऊ. दादाने डबा पाठवलाय हे तिला ठाऊक होतं. कुठला, ते ठाऊक व्हायला नको होतं.

साहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिला वाटलं, आपण काय, नुसते आकडे वाचणार! मीटर थोडाच कुणाचा भाऊ असतो?

रोज एक डबा घ्यायचा, त्याच्यावर मोटारीचे दिवे आणि तारांची वेटोळी जोडून पुरता भार टाकायचा, आणि आठ तास दर अर्ध्या तासाने आकडा लिहायचा. बारा व्होल्टच्या जागी अकरा पॉइंट चारच्या खाली गेला की डबा नापास. त्या दिव्यांनी खोलीची भट्टी व्हायची. पहिला डबा सहाव्या तासाला गळाला, तिसरा पाचव्या. दुसरा कसाबसा काठावर पास झाला. चौथा मात्र आठ तास बाराला चिकटून राहिला.

"हा तर मुरलेला गडी!" काका म्हणाले.

दादाचा दुपारी फोन आला. "काय गं, आमचं घोडं कुठवर आलं?"

"मला विचारू नकोस."

"बरं बाई, नाही विचारत. शेजारचा गाळा घेऊन ठेवलाय, एवढंच कानावर घालतो. तुझी वहिनी आत्तापासूनच तिथे झाडलोट करतेय."

अहवाल टाइप झाला. पाचला साहेब सही करणार होते. चार वाजता मीटरबाई वहीतले आकडे शेवटचे ताडून पाहत होती. चौथ्या डब्याच्या पानावर तेलाचा डाग होता, पक्कडीच्या आकाराचा. पान उडू नये म्हणून तिनेच त्यावर पक्कड ठेवली होती.

पान का उडत होतं?

तिने मान वर केली. टेबलाच्या उजव्या टोकाला तिचा टेबलफॅन होता. पहिले तीन डबे डाव्या टोकाला, काकांच्या बाजूला तपासले होते. चौथा तिने उजवीकडे मांडला, स्वतःच्या हाताने. आठ तास त्याला वारा मिळाला होता. का मांडला तिथे? डावीकडे काकांचा पसारा होता म्हणून? पसारा रोजच असायचा. ती उठली, बसली, पुन्हा उठली. पाण्याचा पेला भरला आणि तसाच ठेवून दिला.

"काय झालं? खुर्चीला काटे फुटलेत का?" काकांनी विचारलं.

तिने सांगितलं. दोऱ्याच्या गाठींसकट सगळं सांगितलं.

काकांनी चष्मा पुसला. "कुणाच्या लक्षात आलं नसतं गं."

"माझ्या आलंय ना."

साहेब तडकले. "चार दिवस मातीत घातलेस! आता पुन्हा तपासणी, आणि मांडणी काका करतील. तू फक्त लिहायचंस. मी शेजारी बसतो."

दुसऱ्या दिवशी पंखा बंद. तिघेही घामाने निथळत होते. पहिले तीन तास चौथा डबा बाराला होता. तिचा जीव टांगणीला लागला. एकदा वाटे, टिकू दे रे बाबा. मग वाटे, टिकला तर लोक काय म्हणतील? चौथ्या तासाला अकरा पॉइंट सात. साडेचार तासांना अकरा पॉइंट तीन. पाचव्या तासाला जळकट वास आला आणि दिवे विझले. काकांनी झाकण उघडलं. आत उष्णता शोषून घेणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बोटाएवढी होती. दुसऱ्या डब्यात ती तळहाताएवढी होती.

साहेबांकडून सगळं कळल्यावर संध्याकाळी दादा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"सख्ख्या बहिणीने गळा कापला."

"दादा, पट्टी लहान का घातलीस?"

"मोठी डब्यात मावत नव्हती! तो पंखा तेवढा राहिला असता तर तुझं काय गेलं असतं?"

"वाचनालयात टेबलाखाली पंखा कोण धरून बसणार आहे?"

तो तेवढ्यापुरता आत आला. जळका डबा काखेत मारून निघून गेला.

काम दुसऱ्या डब्याच्या कारखान्याला मिळालं. साहेबांची पुढच्या वर्षी बदली झाली. जाताना त्यांनी मीटरबाईच्या कामाच्या नोंदीत चांगला शेराही लिहिला आणि ताकीदही लिहिली. काका निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले, तिथल्या शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करत राहिले. दादाने शेजारचा गाळा सोडला, संगणकाचा नाद सोडला आणि पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत नव्या तारा भरायला घेतल्या. त्यात त्याचा जम बसला. बहिणीशी तो अडीच वर्षं बोलला नाही. नंतर बोलू लागला, पण कामाचा विषय निघाला की उठून हात धुवायला जायचा. वहिनी मात्र मध्येही येत राहिली, दादाला न सांगता.

मीटरबाईने आणखी अकरा वर्षं तीच नोकरी केली. एकदा वहिनीने विचारलं होतं, "तुम्ही तो डबा तिकडे मुद्दाम ठेवला होता का हो वन्सं?" ती म्हणाली, "नाही." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मला माहीत नाही गं."