खणामागे राहिलेला कागद

टेबलाच्या उजव्या अंगाला, वरून दुसरा जो खण, तो मी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्कांच्या हाताखाली माझी वीस वर्षं गेली. लाकूड चांगलं लाभलं, पण सुताराच्या हातून माझी मागची फळी चार बोटं आखूड पडली. तेवढ्या फटीतून जे झालं, ते आज सांगून टाकतो.

हेडक्लार्क तसे भले. फक्त "उद्या बघू" म्हणत सगळं माझ्या पोटात कोंबायचे. खोकल्याच्या गोळ्या, चष्म्याची मोडकी दांडी, लोकांचे अर्ज, सगळं एकत्रच.

त्या वर्षी मीटर वाचायला एक मुलगी नव्याने लागली. एक वर्षाचं प्रोबेशन. साहेबांचा अहवाल चांगला गेला तर कायम, नाहीतर घरी. ती जिने चढून दमायची, कुत्री अंगावर यायची, पण आकडा कधी अंदाजाने टाकला नाही. साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी तिचा अहवाल स्वतः लिहिला, "काम चोख. कायम करावे," आणि आजच मुख्य कचेरीत धाडा म्हणून हेडक्लार्कांना बजावलं.

त्यांनी तो माझ्यात ठेवला. मी आधीच तुडुंब. त्यांनी गुडघ्याने ढकललं आणि कागद माझ्या पाठीवरून मागे पडला.

वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी मला तीनदा उपसलं. मागे हात कुणी घातला नाही. मग नव्या साहेबांना ते मान खाली घालून म्हणाले, आधीचे साहेब अहवाल न लिहिताच गेले. नवे साहेब तरी न पाहिलेल्या कामाबद्दल काय लिहिणार? मुलीची नोकरी गेली.

जाताना तिने विचारलं, "माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा."

"वरूनच आलंय," हेडक्लार्क म्हणाले आणि उगाच मला उघडून काहीतरी शोधत बसले.

कागदाची कड माझ्या पाठीला टोचत होती. मी हट्टाने अडून बसलो असतो, तर सुतार लवकर आला असता. पण मी मुकाट सरकत राहिलो. हे मला अजून खातं.

आठ महिन्यांनी टेबलं दुरुस्त करायला सुतार आला. मला ओढून बाहेर काढलं आणि तो चुरगळलेला कागद हेडक्लार्कांच्या हातात दिला. कामाचा नसेल तर टाकू का, असंही विचारलं. त्यांनी तो मांडीवर सपाट केला, दोनदा वाचला आणि तडक साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. दार उघडंच होतं.

"कागद माझ्याकडून राहिला, साहेब. आणि तेव्हा मी खोटं बोललो."

त्यांची बढती गेली. मुलीला परत बोलावलं. मधल्या काळात ती कापडाच्या दुकानात उभी राहून गिऱ्हाइकं बघत होती. रुजू झाली त्या दिवशी हेडक्लार्कांनी तिच्यापुढे हात जोडले.

"माफ केलं असं अजून म्हणवत नाही," ती म्हणाली. "आईने आठ महिने मलाच दोष दिला. माझंही मत तिच्यासारखंच होत चाललं होतं."

तिने सहीसाठी पेन मागितलं, त्यांनी दिलं.

मला आता नवी, पुरती फळी बसवलीय. तरी विनवणी एवढीच: माझ्यात गोळ्या ठेवा, दांड्या ठेवा. ज्या कागदाची कुणी घरी वाट बघतंय, तो मात्र पोचता होईपर्यंत हातातच राहू द्या. मला तो सांभाळता आला नाही.