भट्टीवाल्याच्या घरचा कॉम्प्युटर

मित्रांनो, मी जुना आहे हे मीच आधी सांगून टाकतो. नाहीतर घरी येणारा प्रत्येक पाहुणा पाणी पिता पिता ते सांगतोच. मी एक कॉम्प्युटर आहे. राहणार रुआबांधा, भिलाई. माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. सुपेल्याच्या बाजारातल्या एका दुकानात कुणाचा डबा, कुणाचा पंखा, कुणाचा पडदा असं जोडून मला उभं केलं. त्यामुळे माझ्या अंगावर कंपनीचं नाव नाही. त्या जागी गणपतीचं स्टिकर आहे.

मला शेषरावांनी आणलं. शेषराव मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर झाली. ही भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. थंड पडली तर आतलं लोखंड गोठतं आणि मग साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांचे चेहरेही गोठतात. निवृत्त झाल्यावर शेषरावांना सांभाळायला भट्टी उरली नाही. मी उरलो.

त्यांनी मला कधी बंद होऊ दिलं नाही. पडदा काळा असला तरी आत माझा पंखा गरगरत असायचा. लाइट गेली की शेषराव इन्व्हर्टरकडे अशा चालीने जात, की शेजाऱ्यांना वाटावं घरात कुणी अत्यवस्थ आहे. चुकून बंद पडलोच, तर मला पुन्हा जागं व्हायला इतका वेळ लागे की त्यांचं म्हणणंच खरं ठरे.

"पाह्य, थंडा झाला की असाच तरास देते," ते पत्नीला, पंचफुलाबाईंना, सांगत. पंचफुलाबाई तोवर भाजी निवडून, चिरून, फोडणीला टाकून परत आलेल्या असत.

कौतुकही भरपूर झालं. विश्वकर्मा पूजेला भिलाईत लेथ मशीनपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना टिळा लागतो. मलाही लागायचा. हळद, कुंकू, अक्षता माझ्या जाळीवर वाहत, आणि त्या जाळीतून आत जात. सीडीचा ट्रे उघडून त्यात उदबत्ती खोचत. सीडी तशीही कुणी लावत नव्हतं, म्हणून मी तो मानच समजलो. आतून मला साफ करावं, असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. ज्याची पूजा करायची त्याचं झाकण कोण उघडतं?

मग घरात सून आली, भाग्यश्री. तिने मला खरं काम दिलं. सुपेल्याच्या हिरालाल फोटोवाल्याकडून ती लग्नाच्या अल्बमांची पानं मांडायचं काम घरी आणू लागली. नवरानवरीच्या मागे ती बर्फाचे डोंगर लावी, बाजूला मोर नाचवी. लग्न बोरसीच्या सामुदायिक भवनात झालेलं असे. लोक खूश होत. पण फोटो मोठे आणि माझी हार्ड डिस्क म्हातारी. एक पान उघडायला सांगितलं की ती आत कुरकुरत फिरत बसे, आणि भाग्यश्री माझ्यासमोर हनुवटीला हात लावून.

एका शुक्रवारी सकाळी हिरालालचा फोन आला.

"ताई, येत्या रविवारी नवरीचे सासरचे येऊन राहिले. अल्बम उद्या संध्याकाळी पाहिजेच. नाही झाला त आत्ताच सांगून देतो, पुढचा सीझन मी दुसऱ्याले देईन. मले बी धंदा करायचा आहे."

अर्धा अल्बम बाकी होता. माझ्या वेगाने तो पुढच्या आठवड्यात संपला असता. भाग्यश्रीने स्वतः मिळवलेलं, स्वतःच्या नावावर चालणारं हे काम हातचं जायच्या बेतात होतं. ते गेलं की माझी रवानगी भंगारात, हेही उघड होतं.

तिने सुपेल्याहून बबलूला बोलावलं. बबलू कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याहून जास्त बोलतो.

"नवीन कावून घेता, भाभी? बाकी सब ठीक है याचं. फक्त एसएसडी टाकू. कमीत काम होते. मंग पाहा कसा पळते!"

एसएसडी म्हणजे नव्या जातीची डिस्क. खिशात मावेल अशी चपटी डबी, आत काहीही फिरत नाही. शेषरावांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"फिरत नाही त काम कशी करते?"

"तुमचे साहेब कुठं फिरत होते?" पंचफुलाबाई आतून म्हणाल्या. "बसल्या जागीच करत होते ना?"

शेषरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "पन बंद करा लागन का?"

"हो ना, काकाजी. चालू मशीनमधे हात कसा टाकू?"

"मंग नोको. थंडा झाला आन उठला नाही त? सूनबाईचा अल्बम कोन करन?"

भाग्यश्रीलाही तीच भीती होती. झालेला अर्धा अल्बम माझ्याच पोटात होता. मग ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, भट्टीची मोठी दुरुस्ती होत होती, तेव्हा तुमी काय करत होते?"

शेषराव ताठ झाले. "शटडाउन घेत होतो. परमिट देऊन."

"मंग द्या मले परमिट."

ते उठले. सेफ्टी शूज घालून आले. लाल पुठ्ठ्यावर 'काम चालू है, स्विच मत दबाना' असं लिहून ते परमिट स्विचबोर्डावर टांगलं. बबलू चपलेवर काम करतो हे त्यांना चाललं नाही. त्याला भाग्यश्रीच्या नवऱ्याचे बूट घालायला लावले. मग त्यांनी मान हलवली, आणि मला बंद केलं गेलं.

बबलूने झाकण काढलं. "काकाजी, इतके तांदूळ! पातेलंभर भात होऊन जाईन!"

पंचफुलाबाईंनी ब्रशने मला आतून साफ केलं. नवी डिस्क बसली. बबलूने बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. वायर काढून पुन्हा लावली. भाग्यश्रीचा चेहरा उतरला. शेषराव खाली बसले. "सांगतलं होतं," ते हळूच म्हणाले. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता.

पंचफुलाबाईंनी पदराने घाम पुसला आणि वर पाहिलं. "पंखा कावून बंद आहे?"

लाइट गेली म्हणावं, तर स्वयंपाकघरात फ्रिज चालू होता. पंचफुलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या खिशात काय आहे?"

शेषरावांचा हात खिशात गेला आणि खोलीचा फ्यूज घेऊन बाहेर आला. कारखान्यात मशीनवर माणूस काम करत असला की फ्यूज काढून खिशात ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती सुरू करता येत नाही. ही सवय इतकी मुरलेली, की आपण फ्यूज काढला हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. पण माघार कसली घेतात!

"परमिट वापस आल्याबिगर फ्यूज लागत नाही. कोणी वापस केलं मले?"

"भाभी, परमिट वापस करो," बबलू म्हणाला.

भाग्यश्रीने लाल पुठ्ठा काढून दोन्ही हातांनी सासऱ्यांना दिला. फ्यूज लागला, पंखा फिरला, आणि मीही. जेवणं होईपर्यंत जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरलं. जुनीला काढून टाकलं नाही. फोटो साठवायचं हलकं काम देऊन आतच ठेवलं. नंतर मला सुरू केलं, तर शेषराव खुर्ची ओढून बसण्याआधीच मी तयार. ते दचकले. "काही जळलं त नाही?"

शनिवारी दुपारी अल्बम पुरा झाला. संध्याकाळी हिरालाल आला, त्याने सगळी पानं पाहिली आणि पुढच्या दोन लग्नांचे फोटो भाग्यश्रीच्या हातात ठेवले. "फक्त मोर जरा कमी टाका, ताई," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूची पूजा खुशाल करा, पण अधूनमधून तिचं झाकणही उघडा. टाकून देण्याआधी तिचं नेमकं काय थकलंय, ते विचारा. आणि काम झालं की तिला विसावा द्या. जीव लावणं म्हणजे जागं ठेवणं नव्हे, हे समजायला आमच्या घरी बरीच वर्षं गेली.

हिरालाल गेल्यावर भाग्यश्री म्हणाली, "मामाजी, आता तुमीच बंद करा याले."

शेषराव माझ्यासमोर बसले. उगाच चष्मा पुसला. मग बटण दाबलं. माझा पंखा थांबला. त्यांनी तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि ऊब पूर्ण जाईपर्यंत तिथेच राहू दिला.

"झाला थंडा," ते म्हणाले.

"मंग? भेव लागते का?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"नाही वो," शेषराव म्हणाले. "पेटते सकाळी."