कांदा गप्प होईपर्यंत

"अजून नाय, रुपलबेन. बोलतोय अजून."

शुक्रीने मान तिरकी करून कान एअर फ्रायरपाशी नेला. आठ मिनिटं भरून यंत्र टिंग वाजून थांबलं होतं आणि रुपलबेन हातात पेन घेऊन खोळंबली होती. आत कांद्याच्या रिंगा अजून चुरचुरत होत्या.

"काय बोलतो तुमचा कांदा?"

"पोटात पाणी हाय त्याच्या. पाणी हाय तवर बोलतो. सरलं का गप होतो."

शुक्रीने आणखी एक मिनिट लावलं. यंत्र पुन्हा घरघरलं, थांबलं, आणि या खेपेला आतून काही ऐकू आलं नाही. तिने जाळीचं भांडं बाहेर ओढलं, सरळ दोन बोटांनी एक रिंग उचलली आणि मोडली. कट्ट आवाज झाला.

"अरे, हात! चिमटा आहे ने समोर," रुपलबेन ओरडली.

"सवय हाय," शुक्री म्हणाली आणि हात एप्रनखाली घेतला.

तलासरीच्या पुढे हायवेला लागून ही कंपनी होती. नाशिककडून ट्रकने कांदा यायचा, इथे त्याच्या रिंगा कापायच्या, पिठात बुडवायच्या, हलक्या तळून गोठवायच्या आणि पाकिटात भरून कुठल्या कुठल्या देशांत पाठवायच्या. दर दोन तासांनी एक पाकीट टेस्टिंगच्या खोलीत येई. तिथे ते एअर फ्रायरमध्ये भाजून बघायचं, चव, रंग, कुरकुरीतपणा लिहायचा. रुपलबेन उंबरगावची, याच विषयातली पदवी घेतलेली. लिहायची ती, पण भाजायची शुक्री. चार महिन्यांपूर्वी रुपलबेननेच तिला मागून घेतलं होतं, कारण यंत्राचा टायमर चुकायचा आणि शुक्रीचा कान चुकत नव्हता. बायकांनी त्या यंत्राचं नाव 'वाऱ्याची भट्टी' ठेवलं होतं. तेल नाही, जाळ नाही, आणि भजी तयार. शुक्रीला सुरुवातीला ही चक्क लबाडी वाटली होती.

त्याआधी अकरा वर्षं ती फ्रीजरच्या तोंडाशी होती. पट्ट्यावरून गोठलेल्या रिंगा बाहेर पडत, त्यांत एकमेकींना चिकटलेल्या हाताने सुट्या करायच्या. जाड हातमोजे घातले तर रिंग मोडते, म्हणून पातळ. पातळ मोज्यात थंडी काय ऐकते? पहिल्या वर्षी बोटं दुखली, मग पांढरी पडायला लागली, मग दुखायची थांबली. दुखणं थांबलं म्हणून शुक्रीला तेव्हा बरंच वाटलं होतं. गेली दोन वर्षं मात्र तिला बोटांना ऊन कळत नव्हतं, गार कळत नव्हतं. चुलीवरचा टोप नुसत्या हाताने उतरवायची आणि फोड मागाहून दिसायचा.

पण पोट असलं की माणूस वाट काढतो. हातांची कामं तिने हळूहळू कानांकडे दिली. दूध वर येताना कसं वाजतं, भाकरी सुटताना कशी वाजते, सगळं ती शिकली. आंघोळीचं पाणीसुद्धा. ऊन पाणी बादलीत पडताना जड, भदभदा वाजतं आणि गार पाणी टणटणीत वाजतं, हे तिने कुणाकडून ऐकलं नव्हतं. नातू-पणतू खेळवायच्या वयाच्या म्हाताऱ्यांनाही हे ठाऊक नसेल.

आज दोन वाजता कंपनीत डॉक्टर येणार होता. थंड विभागात काम केलेल्या सगळ्या बायकांचे हात तपासायचे होते. शुक्रीने सकाळपासून घास तोंडात घातला नव्हता.

गेल्या वर्षी तपासणीच्या दिवशी शुक्री रजेवर होती म्हणून वाचली, पण लाडकी सापडली होती. लाडकी तिच्या शेजारचीच, टेबलावरही आणि पाड्यावरही. "बाय, डोळे मिटायला लावतात न दोन पेले हातात देतात," तिने घरी आल्यावर सांगितलं होतं. "एक ऊन, एक गार. मी खरं सांगितलं, कळत नाय म्हनून. डॉक्टर म्हणाला, आराम करा." तो आराम अजून चालूच होता. आणि ठेकेदाराने मोठ्या मनाने लाडकीची जागा तिच्या मुलीला, संगिताला दिली. घरातली जागा घरातच राहिली, असं सगळे म्हणाले. लाडकीनेसुद्धा हात जोडले. संगिता आता फ्रीजरच्या तोंडाशी उभी असते. एकोणीस वर्षांची पोर, जेवणाच्या सुट्टीत बोटं काखेत धरून बसते.

शुक्रीची प्रगती बारावीला होती. सायवनच्या त्यांच्या पाड्यावर बारावीपर्यंत पोचलेली ती दुसरीच मुलगी, आणि तिला नर्स व्हायचं होतं. नवरा गेल्यापासून घरात कमावणारी शुक्री एकटी. हात गेले म्हणून सांगितलं, तर ठेकेदाराचा माणूस सुनिल पुढच्या आठवड्यात त्याच मोठ्या मनाने दारात उभा राहणार. तेव्हा नाही म्हणायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं.

तपासणी कॅन्टीनमध्ये होती. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. टेबलावर स्टीलचे दोन पेले भरून ठेवलेले. भरलेला पेला काय बोलणार? तिच्या पुढे सहा बायका होत्या. तिसरीला डॉक्टरने विचारलं, "गरम की थंड?" ती म्हणाली, "थंड." "आणि हा?" तिने पेला या हातातून त्या हातात घेतला. मग रडायला लागली. डॉक्टरने कागदावर खूण केली.

शुक्रीची पाळी आली तेव्हा नर्सने पेल्याला हात लावून पाहिला. "सर, हे कोमट झालं."

"मग ताजं ओता. प्रत्येक वेळी ताजं ओता."

शुक्रीला वाटलं, गावदेवीच पावली. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तेवढा पंखा बंद करा ना. डोळे मिटल्यावर गरगरतं मला."

पंखा बंद झाला. शुक्रीने डोळे मिटले.

पाणी पडलं. भदभदा. पेला तिच्या बोटांत दिला गेला. तिला फक्त वजन कळलं.

"ऊन."

पुन्हा पाणी. टणटणीत.

"गार."

तिसऱ्या वेळी बाहेरच्या अंगणात एक ट्रक मागे घ्यायला लागला आणि त्याचा भोंगा पीं पीं वाजत राहिला. पाणी पडलं ते तिला ऐकूच आलं नाही. पेला हातात आला. तिने तो किंचित हनुवटीकडे उचलला.

"तोंडाला नाही लावायचा. हातानेच सांगा."

शुक्रीच्या डोळ्यांपुढे प्रगतीची बोटं आली. लांब, सावळी, एका नखाला शाईचा डाग असलेली.

"ऊन," ती म्हणाली.

पेन कागदावर ओढल्याचा आवाज झाला.

"ठीक आहे. उघडा डोळे. हात चांगले आहेत मावशी तुमचे."

फिट म्हणून शिक्का मारलेला कागद घेऊन ती टेस्टिंगच्या खोलीत परतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. इतकं मोठं खोटं ती जन्मात बोलली नव्हती, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

चार वाजता सुनिल आला. हातात यादी होती.

"मावशी, बरं झालं तुम्ही फिट निघालात. सात जणी अनफिट झाल्या, टेबल रिकामं पडलं. सोमवारपासून फ्रीजरवर या. जुना हात पाहिजेच तिथे."

शुक्रीला आधी कळलंच नाही. रुपलबेनने वर पाहिलं. "ए सुनिल, ते नाही चालणार. टेस्टिंगला शुक्रीबेनच पाहिजे."

"मॅडम, इथे काय आहे? मशीनला टायमर आहे ना. कुणीही पोरगी करेल." मग तो शुक्रीकडे वळला. आवाज गोड होता, आणि तो खरंच वाईट माणूस नव्हता. "जमत नसेल तर सांगा हां मावशी, जबरदस्ती नाय. प्रगतीला घेऊ आपण तुमच्या जागेवर. अठरा झाली ना तिला?"

"मी येते," शुक्री म्हणाली.

"बघा, विचार करा."

"मी येते म्हटलं ना."

सुनिलने यादीवर खूण केली आणि तो गेला. रुपलबेन उठली, तिने शुक्रीचा उजवा हात धरून उलटा केला. सकाळच्या रिंगचे दोन फोड आता टपोरे दिसत होते. तिने एक फोड नखाने हलकेच दाबला. शुक्रीने हात मागे घेतला नाही, कारण तो दाबल्याचं तिला कळलं नव्हतं.

"शुक्रीबेन," रुपलबेन हळू म्हणाली, "मग तुम्ही फिट कशाला झालात?"

"नाय झाले असते तर पोर आली असती."

शेवटच्या बॅचचं पाकीट टेबलावर होतं. शुक्रीने ते फोडलं, रिंगा जाळीत एकमेकींना न चिकटता मांडल्या, दोनशे डिग्री लावलं आणि कान नेऊन उभी राहिली. सोमवारी फ्रीजरच्या तोंडाशी यंत्रांचा असा गोंगाट असणार की शेजारणीचा शब्द ऐकू यायचा नाही. तिथे कानही काही कामाचे नव्हते. आतला कांदा बोलत होता, मग कमी बोलायला लागला, मग गप्प झाला.

"घेऊन जा घरी," रुपलबेन म्हणाली आणि रिंगा तिने स्वतःच्या डब्यात भरून दिल्या.

कंपनीच्या गाडीने सायवनच्या नाक्यावर सोडलं, तिथून ती पाड्यापर्यंत चालत आली. ऊन उतरलं होतं. प्रगती ओट्यावर पुस्तक उघडून, भिंतीला डोकं टेकून बसली होती. डबा पाहून तिने एक रिंग उचलली.

"चामडं झालंय गं आये. हे तिथंच येऊन गरमगरम खायला पाहिजे."

"तिथं यायचं नाय," शुक्री इतकं जोरात म्हणाली की प्रगतीने रिंग खाली ठेवली.

तिने पुस्तक मिटलं. मग प्रगती म्हणाली, "डोकं जड झालंय सकाळपासून. बघ ना, ताप हाय का."

शुक्रीने तिच्या कपाळावर हात ठेवला. नेहमीच्या सवयीने कान दिला. कपाळ काही वाजत नव्हतं. तिने हात काढला, दुसरा ठेवला, आणि मग खाली वाकून आपला गाल लेकीच्या कपाळाला लावला. कपाळ तापलं होतं.

"लहानपणी पण तू अशीच बघायचीस?" प्रगतीने विचारलं.

"नाय. तेव्हा हातानं बघायची."

प्रगतीने मान न हलवता आईचा हात हातात घेतला. तिला दोन फोड लागले. तिने एकाला बोट लावलं, आईचा गाल हलतो का याची वाट पाहिली, आणि मग जरा जोरात दाबलं. शुक्री तशीच गाल टेकून वाकून उभी राहिली, लेकीला किती ताप आहे ते बघत.